शिक्षणाच्या कायद्यात काम करायचंय, एलएलबीच्या आधी काय वाचू? (नागपूर)

हिंगणा रोड

नमस्कार. मी नागपूरची. मागल्या वर्षी बी.ए. झालं, राज्यशास्त्र घेऊन, आणि आता तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीची तयारी करून राहिली आहे. एलएलबी करायचं ते शिक्षणाच्या कायद्यासाठीच हे डोक्यात पक्कं आहे, म्हणजे शाळा, शिक्षक, पालक, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, फी यातल्या केसेस. घरच्यांना वाटते की क्रिमिनल नाहीतर कॉर्पोरेट करावं, त्यात पैसा आहे, पण माझं मन तिकडे लागत नाही.

कारण सांगते म्हणजे सल्ला द्यायला तुम्हाला बरं पडेल. आई खाजगी अनुदानित शाळेत आहे, सहावी-सातवीला शिकवते. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल आला तेव्हापासून त्यांच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषयच नाही. कोणी म्हणते सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार, कोणी म्हणते जुन्यांना लागूच नाही, व्हॉट्सॲपवर रोज नवीन पीडीएफ येऊन राहिली. मी आईसाठी तो निकाल डाउनलोड केला आणि वाचायला बसली तर कुठलं कोर्टाचं मत आहे आणि कुठला वकिलाचा युक्तिवाद आहे तेच कळेना.

दुसरं म्हणजे आमच्या वस्तीतल्या लोकांचे आरटीईचे, म्हणजे खाजगी शाळांतल्या मोफत जागांचे, ऑनलाइन फॉर्म मी भरून देते. मॅपवर घराचा पिन जरा इकडचा तिकडे झाला की शाळा एक किलोमीटरच्या बाहेर जाते, म्हणून लोक माझ्याकडेच येतात. तर एका पोराचा लॉटरीत नंबर लागला, कागदपत्रांची पडताळणी झाली, ॲडमिशन झाली, आणि मग शाळेने ॲक्टिव्हिटी फी मागितली. मी पोराच्या आईसोबत गेली. काउंटरवरचे सर म्हणाले, घेता येत नाही असं कोणत्या कलमात लिहिलंय ते दाखवा. मला दाखवता आलं नाही. हे चूक आहे एवढंच माहीत होतं.

तर प्रश्न असा की शिक्षण कायद्यावर नेमकं कोणतं पुस्तक घेऊ? बर्डीच्या बाजारात दोन-तीन दुकानांत विचारलं तर कोणी संविधानाचा जाडा ग्रंथ दाखवते, कोणी सीईटीचं गाइड. एका ओळखीच्या दादाचा एलएलबीचा पूर्ण जुना सेट स्वस्तात मिळून राहिला आहे, तो घ्यावा का? मराठीतून वाचू की इंग्रजीतून? आणि सीईटीच्या आधी हे सगळं वाचण्यात अर्थ आहे का, की आधी फक्त सीईटी?

कोर्टाच्या पायरीवर

ताई, मी वकील आहे, सिव्हिल लाइन्सला असतो, शाळा न्यायाधिकरणात म्हणजे स्कूल ट्रिब्युनलमध्ये आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात बहुतेक शिक्षकांच्याच केसेस चालवतो. म्हणून जरा लांब लिहितो.

पहिले तुमच्या ॲक्टिव्हिटी फीचं घेतो, कारण पुस्तक कोणतं घ्यायचं त्याचं उत्तर त्यातच आहे. आरटीई कायदा, २००९ चा, मूळ कायदा उघडा, लोक ज्याला बेअर ॲक्ट म्हणतात तो, छोटी पुस्तिका असते, इंडिया कोडच्या सरकारी साइटवर फुकट आहे. सगळे लोक थेट कलम १२ वर उडी मारतात, बारा-एक-क, पंचवीस टक्के. तुम्ही कलम २ पासून सुरू करा, व्याख्यांचं कलम. तिथे 'कॅपिटेशन फी' ची व्याख्या आहे आणि ती आपण समजतो तशी नुसती लाखांतल्या डोनेशनची नाही. शाळेने अधिसूचित केलेली फी सोडून बाकी कुठल्याही प्रकारची देणगी, वर्गणी किंवा पेमेंट, असं लिहिलेलं आहे. आता कलम १३ वाचा, ॲडमिशन देताना कॅपिटेशन फी घ्यायची नाही, घेतली तर तिच्या दहा पटीपर्यंत दंड. मग कलम ३ चं पोटकलम २ वाचा, मुलाचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याच्या आड येईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च त्याला द्यावा लागणार नाही. आणि मग १२ वर या, तिथे पंचवीस टक्क्यांच्या पोरांना मोफत शिक्षण द्यायचं आहे आणि शाळेला त्याची भरपाई सरकारकडून मिळायची आहे. ही चार कलमं एका कागदावर उतरवून शिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत शाळेला, दोन्हीकडे पोच घ्या. काउंटरवरच्या सरांना उत्तर मिळते.

पाहा, यात एकही जाडं पुस्तक लागलं नाही. शिक्षण कायदा नावाची एक गोष्ट एका पुस्तकात बांधून मिळत नाही, अन् एलएलबीला बार काउन्सिलच्या सक्तीच्या विषयांतही त्याचा वेगळा पेपर नाही. तो विखुरलेला आहे. थोडा संविधानात, थोडा केंद्राच्या कायद्यात, खूपसा महाराष्ट्राच्या कायद्यांत आणि त्याहून जास्त नियमांत अन् जीआरमध्ये. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती यादीत आलं, त्याच्या आधी ते राज्याकडे होतं, म्हणून आजही दोन्हीकडचे कायदे सोबत वाचावे लागतात.

तुमच्या आईच्या शाळेसाठी रोज लागणारा कायदा म्हणजे एमईपीएस, खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. हे दोन्ही एकाच छोट्या पुस्तकात मिळतात, कोर्टाजवळच्या लॉ बुकच्या दुकानात मागा, लगेच काढून देतील. हे विकत घ्या. नवीन आवृत्ती घ्या. बाकी काही नाही घेतलं तरी चालेल.

का ते सांगतो. माझ्याकडे शिक्षक येतात ते बहुतेक दोन कागद घेऊन येतात, एक सेवा संपल्याचं पत्र नाहीतर एक राजीनामा. राजीनामा संस्थेने जबरदस्तीने लिहून घेतला असं ते म्हणतात. कलम ७ पाहा, राजीनामा कसा द्यायचा याची पद्धतच दिली आहे, दोन प्रती, दोन्हीवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला, दुसरी स्वतःजवळ. आता संस्थेच्या ऑफिसात टेबलावर बसवून लिहून घेतलेल्या कागदाला रजिस्टर पोस्टाची पावती कुठून असणार? अख्खी केस त्या पावतीवर उभी राहू शकते. आणि सेवा संपल्याचं पत्र असेल तर कलम ९, ऑर्डर हातात पडल्यापासून तीस दिवसांत ट्रिब्युनलमध्ये अपील. उशिराला सबळ कारण दाखवता येते पण लोक संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी चकरा मारण्यात ते तीस दिवस घालवतात, हे पाहून फार वाईट वाटते मला. नंतर येतात तेव्हा अपिलाच्या आधी उशीर माफ करण्याचाच अर्ज लढावा लागतो.

टीईटीच्या निकालाबद्दल. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, आपल्याच राज्यातून गेलेली केस आहे. वाचताना शेवटाकडून वाचा. शेवटी कोर्टाने नेमकं काय फर्मावलं ते असते. ज्यांच्या सेवेला पाच वर्षांपेक्षा कमी उरली ते टीईटीशिवाय रिटायर होईपर्यंत राहतील पण प्रमोशन पाहिजे असेल तर टीईटी लागेल, आणि ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांत पास व्हायचं आहे. अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू की नाही हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवायचा म्हणून सरन्यायाधीशांकडे दिला आहे, कारण २०१४ च्या प्रमतीच्या निकालाने त्या शाळा आरटीईच्या बाहेर काढल्या होत्या. हे एवढं हातात आलं की मग सुरुवातीला जा, तिथे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद असतात, आणि मग मधला विश्लेषणाचा भाग. असं उलटं वाचलं की कोण बोलून राहिला ते कळते. आणि शेजारी आरटीईचं कलम २३, शिक्षकांच्या पात्रतेचं, उघडं ठेवा. त्या निकालावर पुढे काही अर्ज, काही दुरुस्ती झाली का हे सुप्रीम कोर्टाच्याच साइटवर पाहत जा, फॉरवर्डवर नको.

तीन वर्षवाली

हाय, मी सेकंड इयरला आहे, लॉ कॉलेज चौकातल्या आपल्या युनिव्हर्सिटीच्या कॉलेजात. सरांनी कायद्याचं सांगितलंच आहे, मी सीईटीचं सांगते कारण तिथे पास नाही झाली तर बाकी सगळं राहून जाईल.

तीन वर्षांच्या सीईटीला आता १२० प्रश्न असतात, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणून बाजारातलं जुनं गाइड घेऊ नको ज्यात १५० चा पॅटर्न आहे, ते अजूनही विकतात. सगळ्यात जास्त, ४० प्रश्न, इंग्रजीचे आहेत आणि मराठी मिडियमची पोरं तिथेच घाबरतात, लीगल ॲप्टिट्यूडच्या मागे लागतात जे फक्त २४ मार्काचं आहे. जीकेला ३२. मी तर म्हणेन रोज एक इंग्रजी पेपरचा अग्रलेख आणि कोर्टाच्या बातम्या वाच, त्याने इंग्रजी पण होते, करंट अफेअर्स पण होते आणि कायद्याचे शब्द पण कानावर पडतात. वेगळं जीकेचं पुस्तक मी घेतलंच नव्हतं. ग्रॅज्युएशनला ओपनला ४५ टक्के पाहिजेत, कॅटेगरीला सूट आहे, तुझे असतीलच.

एमएनएलयूचं तू विचारलं नाही पण कोणी ना कोणी सांगेलच, वारंग्याला जे नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीचं कॅम्पस आहे तिथलं बी.ए. एलएलबी बारावीनंतरचं पाच वर्षांचं आहे आणि त्याला क्लॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा लागते. तुझं ग्रॅज्युएशन झालंय तर त्याच्यामागे जाऊ नको. एल.एल.एम.च्या वेळी पाहशील.

त्या दादाचा जुना सेट, त्याच्यात काय आहे ते पहिले पाहा. आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्सची पुस्तकं असतील तर ती घेऊ नको कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम आले, कलमांचे नंबर सगळे बदलले आणि आमच्या वर्गात जुन्या नंबरने पाठ केलेले दोन-तीन जण अजून गोंधळतात. कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट, फॅमिली लॉ हे जुनं चालून जाते. संविधानाचं पुस्तक २०१९ च्या आधीचं असेल तर त्यात १०३ वी घटनादुरुस्ती म्हणजे ईडब्ल्यूएसचं, आर्थिक दुर्बलांचं, १० टक्के आरक्षण नसेल, आणि तुला तर शिक्षणातलं आरक्षणच वाचायचं आहे, कलम १५ चे पोटकलम ४, ५, ६ म्हणजे तुझ्या रोजच्या कामाचे आहेत, मग कसं चालेल.

मराठी की इंग्रजी, तर दोन्ही, खरंच दोन्ही. संविधानाची सरकारने छापलेली मराठी प्रत घे आणि इंग्रजी बेअर ॲक्ट शेजारी ठेव. मी एक कलम आधी मराठीत वाचते, मग इंग्रजीत, आणि इंग्रजी शब्द वहीत लिहून घेते. सुप्रीम कोर्टाच्या साइटवर काही निकालांची मराठी भाषांतरं पण आहेत. पण कोर्टात ऑर्डर इंग्रजीत येते, हायकोर्टाचं कामच इंग्रजीत चालते, म्हणून इंग्रजी टाळून भागत नाही.

हां आणि एक, हजेरी. बार काउन्सिलच्या नियमात ७० टक्के आहे. नोकरी करता करता करीन असं डोक्यात असेल तर आताच विचार कर. आमच्यासोबतचा एक जण कंपनीत शिफ्ट करून यायचा, परीक्षेच्या वेळी फॉर्म अडकला.

माजी मुख्याध्यापक, काटोल

बेटा, तुझी पोस्ट वाचून फार बरं वाटलं. मी वकील नाही, पण आयुष्य शाळेतच गेलं, मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालो, आणि संस्था, शिक्षक, शिक्षणाधिकारी या तिघांच्या मध्ये बसून हा कायदा रोज वापरला आहे. वकील साहेबांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण एका गोष्टीवर त्यांनी भर दिला नाही ती मी देतो. कायदा कोर्टात जायच्या आधी शाळेच्या कपाटात असतो.

सेवापुस्तक, हजेरीपट, ज्येष्ठता यादी, बिंदुनामावली म्हणजे आरक्षणाप्रमाणे पदांची नोंद, संचमान्यता म्हणजे विद्यार्थीसंख्येवरून मंजूर पदं, गोपनीय अहवाल, हे कागद कसे दिसतात ते आईला विचार आणि आईचंच सेवापुस्तक एकदा दोघींनी मिळून वाचा, पहिल्या पानापासून. नियुक्तीची तारीख, मान्यतेचा क्रमांक, वेतननिश्चिती, रजेची नोंद, शिक्षणाची नोंद. किती शिक्षकांच्या पुस्तकात बी.एड.ची नोंदच वेळेवर झालेली नसते, आणि मग ज्येष्ठतेचा वाद निघतो तेव्हा सगळे १९८१ च्या नियमावलीतला नियम १२ अन् अनुसूची फ उघडून बसतात. दुसरं गोपनीय अहवालाचं. नवीन शिक्षक परिवीक्षेवर म्हणजे प्रोबेशनवर असतो, संस्था म्हणते काम समाधानकारक नाही, काढून टाका. तेव्हा ट्रिब्युनल काय पाहते? नियम १५ प्रमाणे अहवाल लिहिले का, आणि उणिवा त्या शिक्षकाला लेखी कळवल्या का. मी मुख्याध्यापक असताना दरवर्षी ते लिहीत होतो आणि कळवत होतो, संस्थेतल्या काही लोकांना ते आवडायचं नाही कारण चांगलं काम करणाऱ्याला मग काढता येत नाही.

आणि चौकशी समितीचा नियम ३६, हा तर प्रत्येक शिक्षकाला पाठ पाहिजे. शिक्षकावर आरोप ठेवून काढायचं असेल तर तीन जणांची समिती लागते. एक व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकाने स्वतः निवडलेला कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून. किती विचार करून बनवलं आहे पाहा, आरोपीचा माणूस आत बसतो आणि एक असा बसतो ज्याला दोघांशीही घेणंदेणं नाही. गावाकडच्या संस्थांत ही समिती नीट बनतच नाही, अध्यक्षांचा भाचा, सचिवांचा मित्र असे बसवतात, आणि ट्रिब्युनलमध्ये ती चौकशीच उभी राहत नाही. मला स्वतःला अशा समितीवर शिक्षकांनी त्यांचा प्रतिनिधी म्हणून बोलावलं आहे. समोर आपलाच सहकारी मान खाली घालून बसलेला असतो आणि नियमावलीचं ते छोटं पुस्तक टेबलावर असते, तेवढाच त्याला आधार.

जीआरबद्दल. राज्य सरकारच्या साइटवर शालेय शिक्षण विभागाचे सगळे शासन निर्णय मराठीत मिळतात. वर 'वाचा' म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, लोक ती सोडून देतात. तीच पहिले पाहायची, कारण नवीन निर्णय जुन्यातलं काय रद्द करतो, काय चालू ठेवतो हे त्याच्याशिवाय समजत नाही. माध्यमिक शाळा संहिता पण घरी असू दे, ती कायदा नाही, प्रशासकीय सूचनांचं पुस्तक आहे, पण शाळेचा दैनंदिन कारभार अजून तिच्याच भाषेत चालतो आणि शिक्षणाधिकारी कार्यालयात तेच शब्द वापरतात.

नागपूर विभागातलं शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन आयडीचं, प्रकरण २०२५ ला पेपरात आलं तेव्हा मला झोप लागली नाही. बोगस नावावर पगार निघतो आणि खरा उमेदवार शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर वाट पाहत वय घालवतो. तुझ्यासारखी शिकलेली पोरं या कायद्यात आली पाहिजेत.

सदर बाजार

सगळे छान सांगून राहिले पण मी थोडं वेगळं सांगतो, राग नको. एलएलबीला जायच्या आधीच एका विषयात स्वतःला कोंडून घेऊ नये. माझ्या मोठ्या बहिणीने पर्यावरण कायदा म्हणून सुरुवात केली आणि आता जमिनीच्या केसेस करते, खूप चांगल्या करते. शिवाय शिक्षकांच्या केसमध्ये फी किती मिळते? पगार बंद झालेला माणूस वकिलाला काय देणार.

कोर्टाच्या पायरीवर

सदर बाजार भाऊ, पैशाचं खरं आहे, पगार बंद असलेल्या माणसाकडून आधी फी घेता येत नाही, आम्ही थांबतो, अपील जिंकलं आणि मागचा पगार मिळाला की मग देतात, काही देतही नाहीत. पण शिक्षण कायदा करणारा माणूस कोंडला जाते असं मला नाही वाटत. यात प्रशासकीय कायदा आहे, नैसर्गिक न्यायाची तत्त्वं आहेत, ट्रिब्युनलचा निकाल हायकोर्टात न्यायचा तर संविधानाच्या कलम २२६ आणि २२७ ची रिट आहे, संस्थेतल्या दोन गटांची भांडणं असली तर सार्वजनिक विश्वस्त कायदा आणि धर्मादाय आयुक्त, कॉलेजचे शिक्षक असतील तर २०१६ चा विद्यापीठ कायदा, पालक आले तर २०११ चा फी नियंत्रण कायदा. हे आलं की बाकी सर्व्हिस मॅटर म्हणजे नोकरीच्या केसेस सगळ्या येतात. म्हणून ताई, कॉलेजात गेल्यावर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉचा पेपर जीव लावून करा, पोरं तो स्कोअरिंग नाही म्हणून सोडतात.

काटोलच्या सरांनी कपाटाचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे, मी माझ्या ज्युनियरला पण हेच वाचायला देणार आहे.

संविधानाच्या पुस्तकाचं राहिलं. आता सीईटीच्या आधी डी. डी. बसूंचं प्रास्ताविक पुस्तक पुरे. एलएलबीला व्ही. एन. शुक्ला घ्या. एम. पी. जैन विकत घेऊ नका, लायब्ररीत बसून जेवढं लागते तेवढं वाचा, फार मोठं आहे. त्याच्या काही जुन्या आवृत्त्यांवर वाधवा, नागपूर असं प्रकाशकाचं नाव छापलेलं दिसेल, देशभरच्या वकिलांच्या टेबलावर आपल्या गावाचं नाव होतं, मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

आणि निकाल वाचायचे तर सुटे सुटे नको, एक धागा धरून वाचा. १९९२ चा मोहिनी जैन, कर्नाटकातल्या मेडिकलच्या कॅपिटेशन फीवरून निघाला आणि कोर्ट म्हणालं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. १९९३ चा उन्नीकृष्णन, त्यात तो हक्क १४ वर्षांपर्यंतच्या मुलांपुरता आणला. मग २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती, ६ ते १४ वर्षांच्या मुलांच्या मोफत शिक्षणाच्या हक्काचं कलम २१-क, आणि त्याच वर्षी अकरा न्यायाधीशांचा टी.एम.ए. पै, ज्याने उन्नीकृष्णनमधली ॲडमिशन आणि फीची योजना काढून टाकली पण हक्काचा भाग राहिला. २००५ चा इनामदार, तो महाराष्ट्राचा, खाजगी प्रोफेशनल कॉलेजांत सरकारला जागा घेता येत नाहीत म्हणाला, आणि त्याच वर्षी संसदेने ९३ वी दुरुस्ती करून कलम १५(५) आणलं, खाजगी संस्थांतल्या ॲडमिशनमध्येही आरक्षणाची मुभा देणारं. मग आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू, २०१२ ला सुप्रीम कोर्टाने २५ टक्के कायम ठेवले. आणि मग आपल्या सरकारची फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, हायकोर्टाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये ती अधिसूचनाच रद्द केली. तुमच्या वस्तीतल्या त्या पोराची सीट या सगळ्यातून आलेली आहे. मोहिनी जैन लहान निकाल आहे, तोच पहिला वाचा, पूर्ण. टी.एम.ए. पै आता नका उघडू, पाच वेगवेगळी मतं आहेत त्यात, घाबरून जाल.

हिंगणा रोड

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मला वाटलं होतं एखाद-दोन पुस्तकांची नावं मिळतील. जुना सेट मी घेत नाही, दादाला सांगितलं फक्त कॉन्ट्रॅक्ट आणि टॉर्टचं दे. एमईपीएसचं पुस्तक उद्या घेते. आईने तिचं सेवापुस्तक पाहायला मागितलं आहे शाळेत, ती म्हणाली एवढ्या वर्षांत तिने फक्त सह्या केल्या, आतलं वाचलं नाही. ॲक्टिव्हिटी फीचा अर्ज मी लिहिला, चार कलमं टाकली, पोराच्या आईची सही घेऊन सोमवारी शिक्षणाधिकारी कार्यालयात देऊन येतो आम्ही.

मुख्याध्यापक सर, तुम्ही आईला अजून दोन गोष्टी विचारायला सांगा ना, ज्या पुस्तकात नाहीत.

आणि वकील सर, अजून एक विचारायचं होतं, मी अजून लॉ स्टुडंट पण नाही, तर ट्रिब्युनलमध्ये मागे बसून केस ऐकता येते का, की कोणी विचारेल?

माजी मुख्याध्यापक, काटोल

बेटा, एक, तिच्या शाळेत ज्येष्ठता यादी दरवर्षी फिरवतात का आणि त्यावर हरकत घ्यायला वेळ देतात का. दोन, तिच्या नियुक्तीच्या वेळची जाहिरात आणि मुलाखतीचा ठराव शाळेकडे आहे का. असेल तर आताच प्रत मागून ठेव, संस्थेचे पदाधिकारी बदलले की जुने कागद सापडत नाहीत.

कोर्टाच्या पायरीवर

ताई, बसता येते, सुनावणी खुली असते. सकाळी बोर्ड म्हणजे दिवसाचं कामकाज सुरू व्हायच्या आधी या, बाहेर त्या दिवशीच्या केसेसची यादी लागलेली असते, त्यात अंतिम युक्तिवादासाठी ठेवलेली केस पाहा, नुसत्या तारखा घेणाऱ्या केसमध्ये काही ऐकायला मिळत नाही. मागच्या बाकावर बसा, मोबाइल बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही. एमईपीएसचं पुस्तक सोबत आणा आणि वकील जो नंबर बोलेल ते कलम तिथल्या तिथे उघडत जा. कोणी विचारलं तर सांगा ऐकायला आले, हाकलत नाही कोणी.